भाजी कोण आणतं?

बँकॉकमध्ये बसून दोन मुलग्यांच्या प्रेमाच्या मालिका लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि त्यांना पैसा पुरवणाऱ्या सर्वांस,



पत्र मराठीत आहे, त्यामुळे ते तुमच्या हाती पडेल अशी मला फारशी आशा नाही. पण तुमच्या थाई मालिका डोंबिवलीत आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्याच ना? मग इकडून तिकडे एखादं पत्र जायला काय हरकत आहे?

मी अठ्ठावन्न वर्षांची. बँकेत तीस वर्षं काढली, आता घरी असते. घरात मी, माझी मुलगी आणि काका. काका म्हणजे माझ्या मामांचे मित्र. मामा आणि ते गिरगावातल्या एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, चौतीस वर्षं एकत्र राहिले. मामा पोस्टात होते, काका छापखान्यात खिळे जुळवायचे. घरात कुणी कधी काही विचारलं नाही आणि त्यांनीही कधी काही सांगितलं नाही. लग्नकार्याची पत्रिका मामांच्या नावाने जायची, आणि देणारा निघताना दारात म्हणायचा, "दोघंही या बरं का." मामा २०१७ साली गेले. २०२०च्या टाळेबंदीत म्हातारा माणूस एकटा कसा राहणार, म्हणून आम्ही काकांना इकडे आणलं, ते आजतागायत इथेच आहेत.

त्याच टाळेबंदीत माझी मुलगी रात्री लॅपटॉपवर तुमची 'टुगेदर' बघत बसायची. एक दिवस काका पाणी प्यायला उठले आणि तिच्या मागे उभे राहिले. पडद्यावर दोन पोरं गिटार घेऊन एकमेकांकडे बघत होती. "कोण आहेत हे?" काकांनी विचारलं. मुलगी गडबडली, म्हणाली, "मित्र आहेत, आजोबा." काका म्हणाले, "हं. कळलं." आणि खुर्ची ओढून बसले.

तेव्हापासून आमच्या घरात तुमची मालिका म्हणजे रोजचा कार्यक्रम झाला. इंग्रजी सबटायटल काकांना झेपत नाहीत. एक तर इंग्रजी बेताचं, त्यात मोतीबिंदू. म्हणून मी ती मोठ्याने मराठीत वाचते. खिळे जुळवलेला माणूस असल्यामुळे काका माझं मराठी दुरुस्त करत जातात. "'मी तुला पसंत करतो' असं कोण म्हणतं? 'तू मला आवडतोस' म्हण." असं ते आवडतोस, रुसलास, येतोस का, मी इतकी वर्षं वाचते आहे. एखाद्या बाईला दोन पुरुषांचे प्रेमसंवाद इतके तोंडपाठ असल्याचं दुसरं उदाहरण निदान आमच्या सोसायटीत तरी नसावं.

तिसरी की चौथी मालिका संपली तेव्हा काकांनी चष्मा काढून विचारलं, "सगळं छान आहे गं. पण यांच्यात भाजी कोण आणतं?"

हे पत्र त्या प्रश्नावरून लिहिते आहे. पण आधी तुमचं देणं मान्य करते, नाहीतर उगाच तक्रारखोर बाई वाटेन.

तुमच्याकडे या प्रकाराला 'वाय' म्हणतात. जपानी 'याओई' शब्दाचं ते आद्याक्षर, आणि मूळही तिकडचंच: बायकांनी बायकांसाठी काढलेल्या, दोन मुलग्यांच्या प्रेमाच्या चित्रकथा. तुम्ही तो धागा उचललात आणि त्याचं कापड विणलंत. २००७चा 'लव्ह ऑफ सियाम' हा चित्रपट, २०१४ची 'लव्ह सिक', २०१६ची 'सोटस', आणि मग २०२०ची 'टुगेदर', जी जगभरच्या घरांत अडकून पडलेल्या लोकांनी फुकटात, यूट्यूबवर बघितली. भारतीय मालिकांमध्ये तोपर्यंत असा मुलगा दिसला तर बहुतेकदा विनोदाला, नाहीतर आत्महत्येला. तुमच्या मुलांना दुःख असतं ते एवढंच की समोरच्याने मेसेज वाचून उत्तर दिलं नाही. काकांना त्याचं फार अप्रूप. "कुणी मरत नाही यांच्यात," ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले. मलाही तेव्हाच जाणवलं की दोन पुरुषांच्या प्रेमाच्या ज्या थोड्याफार गोष्टी मी आयुष्यात वाचल्या-बघितल्या होत्या, त्यांत शेवटी कुणीतरी मेलेलंच असायचं.

आणि हाका! तुमच्याकडे धाकटा मोठ्याला 'पी' म्हणतो, मोठा धाकट्याला 'नाँग'. म्हणजे जवळपास आपलं दादा आणि बाळ. प्रियकरालाही 'पी'च. माझ्या मुलीला हे विचित्र वाटलं, मला नाही. आमच्या आजीने नवऱ्याला जन्मभर 'अहो' म्हटलं. हाकेत वय आणि मान असला म्हणून प्रेम आटत नाही. मामा आणि काका एकमेकांना आडनावाने हाक मारायचे. चौतीस वर्षं, आडनावाने. पण मामांनी काकांचं आडनाव ज्या सुरात घेतलं त्या सुरात माझं नाव कुणी कधी घेतलेलं नाही.

आता तक्रारी. छोट्या आधी उरकते.

तुमची निम्मी मुलं इंजिनिअरिंगला का असतात? आमच्या महाराष्ट्रात इंजिनिअरिंग कॉलेजांना तोटा नाही, पण तिथे कुणी प्रेमात पडायला जातं असं ऐकिवात नाही. बारा भागांच्या मालिकेत अकराव्या भागात भांडण आणि बाराव्यात समेट हा नियम कुठल्या सरकारी परिपत्रकात आहे का? काका तर आता अकरावा भाग बघतच नाहीत, म्हणतात, "उद्या बसतो." नायक ढसाढसा रडत असताना त्याचा मित्र आत येऊन क्रीमची डबी कॅमेऱ्यापुढे धरतो आणि त्वचेला किती छान वाटतं ते सांगतो, हेही आम्ही सोसतो. काकांना बरेच दिवस ते कथेचाच भाग वाटायचं. डबीचं पुढे काय झालं, असं त्यांनी एकदा विचारलं होतं.

बायकांचं मात्र मी सोसणार नाही. तुमच्या मालिकांतल्या बायका एक तर आडव्या येणाऱ्या, नाहीतर कोपऱ्यात उभ्या राहून मोबाइलवर फोटो काढत किंचाळणाऱ्या. ज्या कादंबऱ्यांवरून तुम्ही मालिका करता त्या बहुतेक बायकांनी लिहिलेल्या, तुमचा प्रेक्षक बहुतेक बायकांचा, तुमच्याकडे तिला 'साव वाय' असं नावही आहे. मीही त्यातलीच, वयाने जरा जास्त. आमच्या पैशावर चाललेल्या घरात आम्हालाच बसायला पाट नाही.

आणि 'बायको' हा शब्द. 'सोटस'मध्ये पहिल्याच भागात धाकटा काँगफॉप सीनिअर आर्थितला सगळ्यांसमोर ऐकवतो की तुला बायको करून घेईन, म्हणजे जे तुझं ते माझंच होईल. मालिका पुढे त्याहून बरीच बरी होते, पण त्या शब्दाने पुढे किती मालिकांत घर केलं! दोघांतला कोण नवरा आणि कोण बायको, याची जी उठाठेव तुम्ही करता, ती आमच्या नात्यातल्या बायकांनी मामा-काकांबद्दल माजघरात करून झालेली आहे. ती पडद्यावर ऐकण्यासाठी मी नेटचं बिल भरत नाही. दारू पाजून किंवा झोपेत असताना जवळीक साधायची आणि तिला पुढे प्रेम म्हणायचं, हेही आता बंद करा. मुलगी शेजारी बसलेली असते आणि मला सबटायटल वाचवत नाही.

शिवाय ते ठराविक वाक्य, की मला मुलगे आवडत नाहीत, फक्त तू आवडतोस. म्हणजे कट्टर शाकाहारी माणसाने चुकून एकदा रस्सा चाखला, पण जानवं शाबूत. अहो, आवडतात तर आवडतात म्हणा की.

हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे हे मला कळतं, कारण तुमच्यातल्याच काहींनी ते सुधारूनही दाखवलं. नॉपार्नात चायविमोल, ज्यांना सगळे आऊफ म्हणतात, त्यांची 'बॅड बडी' आम्ही दोनदा बघितली. पॅट आणि प्रान शेजारी, दोघांच्या घरांत वैर, मुलांनी एकमेकांशी बोलायचंही नाही. पाचव्या भागात गच्चीवर दोघं एकदाचे एकमेकांचं चुंबन घेतात, आणि तुम्ही लोकांनी त्यानंतर नाचगाणं न टाकता त्या दोन चेहऱ्यांवरचा गोंधळ तसाच राहू दिलात. पण काकांना गच्चीपेक्षा शेवट आवडला. काही वर्षं गेली आहेत, दोघं अजून एकत्र आहेत, आणि आईवडिलांसमोर मात्र नाहीत असंच दाखवतात. आईवडिलांना कुणकुण आहे. ते कळत नसल्यासारखं वागतात. माझी मुलगी चिडली, म्हणाली हा काय शेवट आहे? काका खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असंच असतं. वाईट नसतं तसं."

असं न बोलता राहणं पुरतं का, यावरून आमच्याकडे वाद आहे, तो तुम्हालाही सांगून ठेवते. चीनने २०१९ साली 'द अनटेम्ड' नावाची पन्नास भागांची मालिका केली. मूळ कादंबरीत दोन पुरुषांचं प्रेम आहे. मालिकेत सेन्सॉरमुळे ते जिवलग सख्यावर थांबवलं. त्याआधी २०१६ साली तिथली 'अडिक्टेड' शेवटचे भाग यायच्या आत उतरवण्यात आली होती, आणि २०२१ नंतर तर अशा मालिकांची वाटच बुजवली. काकांना 'द अनटेम्ड' सगळ्यांत आवडते. एकाने वाजवायचं आणि दुसऱ्याने ओळखायचं, एवढ्यावर ते पन्नास भाग बघू शकतात. मला वाटतं, न बोलण्याची सवय झालेल्या माणसाला न बोललेलं पुरतं. मला पुरत नाही. कारण न बोललेल्याची किंमत काय पडते ते मी एकदा कागदावर बघितलं आहे.

मामांच्या शेवटच्या ऑपरेशनआधी रुग्णालयात एक फॉर्म आला. रुग्णाशी नातं, असा रकाना. काउंटरवरच्या मुलीने काकांना विचारलं, "तुम्ही कोण?" काका म्हणाले, "मित्र." ती काही उद्धट नव्हती, तिने पेन माझ्याकडे सरकवलं. भाची चालते. चौतीस वर्षं ज्याला मामांच्या औषधांच्या वेळा पाठ होत्या तो माणूस बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला. पिशवीत मामांचा धुतलेला पायजमा, तोंड पुसायचा नॅपकिन आणि बिनसाखरेच्या चहाचा थर्मास. सही मी केली. पुढे गिरगावची खोलीही मामांच्या नावावर, म्हणून तिच्याही कागदांवर आम्हीच सह्या करत बसलो. आम्ही काकांना फसवलं नाही, पण फसवायचं ठरवलं असतं तर कुठला कायदा आडवा आला नसता.

आता तुमच्या देशाकडे बघा. १८ जून २०२४ रोजी तुमच्या सिनेटने विवाह समानतेचा कायदा मंजूर केला आणि २३ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. आग्नेय आशियात असं करणारा तुमचा देश पहिला. वारसा, दत्तक, आजारपणात जोडीदाराच्या वतीने निर्णय, सगळं त्यात आलं. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाची धार बोथट केली, पण १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात अशा लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं आणि चेंडू संसदेकडे टोलवला. तो निकाल लागला त्या संध्याकाळी काकांनी बातम्या बंद करून तुमची मालिका लावायला सांगितली. कुठली होती ते आठवत नाही. कॅम्पस, पाऊस, छत्री एक आणि मुलं दोन.

आणि तिथेच माझं तुमच्याशी भांडण आहे. कायदा नव्हता तेव्हा तुमच्या मालिका देशाच्या पुढे धावत होत्या. आता कायदा पुढे गेला आहे आणि तुमची बहुतेक पोरं अजून छत्रीतच आहेत. पहिलं चुंबन हा तुमच्यासाठी शिखराचा भाग. तुमच्या जोड्या तिशी का ओलांडत नाहीत? त्यांचे गुडघे का दुखत नाहीत? त्यांच्यात गॅसचा नंबर कोण लावतं, एकाचा बाप आजारी पडला तर दुसरा रजा काय सांगून घेतो, घर भाड्याने घेताना मालकाला काय सांगतात? दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतात हे आता जगाला कळलं. ते कसे राहतात हे कुणी दाखवायचं?

जमत नाही असं म्हणू नका. आऊफ यांनीच २०२३ साली 'मूनलाइट चिकन' केली, आठ भागांची. पट्टायात कोंबडी-भाताचं दुकान चालवणारा जिम, वयाने पोक्त, डोक्यावर कर्ज, घरात वयात आलेला भाचा. त्या मालिकेत प्रेम आहे, पण त्याहून जास्त दुकान आहे. काकांनी विचारलेला प्रश्न त्यात कुणाला पडायचं कारणच नव्हतं. २०२०च्या 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू'चंही तेच. मुलं शाळकरीच, पण फुकेतचं जुनं गाव त्यात नाकाने हुंगता येतं. एकाचं नाव ओ-एव, फुकेतमधल्या बर्फ घातलेल्या एका थंड गोड पदार्थावरून ठेवलेलं. म्हणजे आपल्याकडे पोराला फालुदा म्हणण्यासारखं. ते कळल्यावर काका इतके हसले की मला मालिका थांबवावी लागली. प्रवेशपरीक्षेसाठी एक मुलगा दुसऱ्याला चिनी शिकवतो, आणि शिकवता शिकवता जे कबूल करायचं नाही ते त्याच्या तोंडावर दिसायला लागतं. पाच भाग. अकरावा भाग नाहीच, सुटलो.

आणि जपान्यांची 'काल काय खाल्लंस?' बघून घ्या, २०१९ची. चाळिशी ओलांडलेला वकील शिरो आणि न्हाव्याचं काम करणारा केंजी. शिरो महिन्याचा खाण्यापिण्याचा खर्च पंचवीस हजार येनांत बसवतो आणि स्वस्त दुकानं धुंडाळतो. एक अख्खं कलिंगड दोघांना जास्त होईल म्हणून दुकानात भेटलेल्या अनोळखी बाईबरोबर ते अर्धं अर्धं वाटून घेतो. कामाच्या ठिकाणी मात्र त्याने काही सांगितलेलं नाही. केंजीने सलूनमध्ये कुणाला तरी त्याच्याबद्दल सांगितलं म्हणून तो भडकतो. काका त्या कलिंगडाच्या प्रसंगाला खुर्चीत पुढे सरकून बसले. "मामा तुझे हेच करायचे," ते म्हणाले. "भाजीगल्लीत अर्धा कोबी मागायचे. भाजीवाला ओरडायचा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भाजी ते आणायचे. मी निवडायचो."

इतक्या वर्षांत त्यांनी मला त्या दोघांबद्दल सांगितलेली ती पहिली गोष्ट.

आमच्याकडेही कुणी काही करत नाही असं समजू नका. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट २०२५ साली सनडान्सला गेला, तिथे जाणारा पहिला मराठी चित्रपट, आणि जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. बाप गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला आनंद आणि गावातला बाळ्या. सुतकात काय खायचं, कुठे बसायचं, लग्न कधी करणार म्हणून विचारणारे नातेवाईक, शेळ्या, रान. तुमच्या दिग्दर्शकांना तो दाखवा. एकही माणूस त्यात क्रीम विकत नाही. पण आमच्याकडे असा चित्रपट एखादा होतो आणि थिएटरमधून लवकर जातो. तुम्ही दर वर्षी ढिगाने मालिका करता आणि त्या घराघरात येतात. म्हणून हे पत्र तुम्हाला.

एक शेवटचं, तुमच्या नटांबद्दल. पडद्यावरची जोडी पडद्याबाहेरही जोडी म्हणून विकायची तुमची रीत, 'खू जिन'. कार्यक्रमांत त्यांनी हात धरायचे, एकमेकांना घास भरवायचे, आणि यांपैकी कुणी एखाद्या मुलीबरोबर दिसला की चाहत्यांनी त्याचा जीव खायचा. माझी मुलगीही एकदा अशी दोन दिवस जेवली नव्हती. काकांनी तिला विचारलं, "त्याने काय चोरलं?" तिला उत्तर देता आलं नाही. पोरांना नट राहू द्या. आयुष्यभर एक सोंग वठवावं लागण्याचा त्रास काय असतो, हे तुमच्या मालिकांना तरी ठाऊक असायला हवं.

तर मागणी एवढीच आहे. एक मालिका करा, साठीच्या दोघांची. कायदा आल्यावर ते नोंदणी कचेरीत जातात, तिथल्या रांगेत त्यांचं चपलांवरून भांडण होतं, एवढंही चालेल. सबटायटल मोठ्या अक्षरात द्या.

काका आता एकोणऐंशीचे आहेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर आहे. संमतीपत्रावर सही मीच करणार आहे.

कळावे,

आपली एक प्रेक्षक,
डोंबिवली (पूर्व)